मुलीला खेळू द्यावे की नको?

मागच्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपली, खीर वाटून झाली आणि मी बाहेर चपला शोधत होतो. तेवढ्यात एक ताई समोर आल्या. सोबत त्यांची मुलगी. आईपेक्षा वीतभर उंच, अंगात शाळेचा खेळाचा टी-शर्ट, मान खाली.

"जय भीम सर. जरा दोन शब्द बोलायचे होते."

"जय भीम ताई. बोला ना."

ताई चार घरची धुणी-भांडी करतात. यजमान मालधक्क्यावर हमालीला जातात. मुलगी यंदा दहावीला. शाळेच्या मैदानावर बास्केटबॉलची रिंग आहे, तिथे ही सातवीपासून खेळते. यंदा तिची जिल्ह्याच्या संघात निवड झाली. दुसऱ्या एखाद्या घरात पेढे वाटले असते. या घरात भांडण झाले. कारण सहामाहीत गणिताचे गुण शंभरात एकाहत्तरवरून अठ्ठावन्नवर आले.

"सर, तुम्हीच सांगा हिला," ताई म्हणाल्या. "आम्ही दोघं अडाणी. हिला इंजिनीअर व्हायचंय म्हणते, आणि संध्याकाळ सगळी त्या चेंडूमागं. ज्यांच्या घरी दोन गाड्या आहेत त्यांच्या पोरींनी खेळावं. आपली एकदा घसरली की परत कोण उचलणार?"

मी मुलीकडे पाहिले. "तू सांग बाळ. काय आवडते एवढे त्या खेळात?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "सर, मैदानात आडनाव कोणी विचारत नाही."

बंधू-भगिनींनो, त्या वाक्याने मी निरुत्तर झालो. शाळेत, शिकवणीत, मैत्रिणीच्या घरी गेल्यावर हिला आडनाव विचारले गेले आहे आणि ते सांगितल्यावर समोरच्या चेहऱ्यात पडलेला फरक हिने पाहिलेला आहे, हे त्यातून कळले. मी ताईंना म्हणालो, "उत्तर घाईने देत नाही. पुढच्या सदरात लिहितो, तुमच्यासारख्या इतरही आया असतील." म्हणून आजचे हे लिखाण.

पहिली गोष्ट, ताईंची भीती खोटी नाही. तिला कोणी हसू नये. परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला "शिका" हा शब्द दिला, तो भिंतीवर टांगण्यासाठी दिला नाही. त्या एका शब्दावर आपली तीन-चार पिढ्यांची घरे उभी राहिली आहेत. ज्या घरात वडिलांची हमाली आणि आईची धुणी-भांडी यांतून वह्या येतात, त्या घरात तेरा गुण कमी होणे ही लहान गोष्ट नाही. पण "खेळ सोड" म्हटले की गुण आपोआप वाढतात, हे मात्र मी तीस वर्षांच्या मास्तरकीत फारसे पाहिलेले नाही. खेळ सोडलेले मूल पुष्कळदा पुस्तकाकडे वळत नाही, ते खिडकीकडे वळते.

दुसरी गोष्ट, हा खेळ काय आहे ते आधी समजून घेऊ. बास्केटबॉल एका मास्तराने काढला. अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड गावी जेम्स नाइस्मिथ नावाचा कॅनडाचा तरुण शिक्षक होता. हिवाळ्यात बाहेर बर्फ, मुले आत कंटाळलेली. त्याने डिसेंबर १८९१ मध्ये व्यायामशाळेच्या सज्जाला दोन्ही टोकांस पीचफळांच्या टोपल्या ठोकल्या आणि अठरा विद्यार्थ्यांचे नऊ-नऊचे दोन संघ करून चेंडू टोपलीत टाकायला लावला. टोपली बांधली गेली दहा फुटांवर, आणि आजही रिंगची उंची दहा फूटच आहे. हा नाइस्मिथ धर्मशास्त्र शिकलेला होता आणि पुढे १८९८ मध्ये तो डॉक्टरही झाला. ज्याने हा खेळ जन्माला घातला त्याने स्वतः पुस्तक सोडले नव्हते, एवढे ध्यानात ठेवावे. आणि मुलींसाठी हा खेळ नाही असे कोणी म्हणत असेल तर त्यालाही सांगावे की खेळ निघाल्यापासून दोनेक वर्षांच्या आतच सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींच्या कॉलेजात सुरू केला होता.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येतो. उत्तर माझ्या मनाने देण्यापेक्षा एका माणसाची हकीकत सांगतो. ती अमेरिकेतली आहे, पण ऐकताना परकी वाटणार नाही.

त्याचे नाव पेरी वॉलेस. जन्म १९४८, टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात, कृष्णवर्णीय कुटुंबात. वडील गवंडीकाम करत, आई साफसफाईची कामे करी. सहा भावंडांत हा धाकटा. अमेरिकेच्या त्या दक्षिण भागात तेव्हा काळ्यांची शाळा वेगळी, वस्ती वेगळी, बसमधली जागा वेगळी. दुकानात सामान विकत घ्यायला काळ्या माणसाचा पैसा चाले, पण त्याच दुकानातल्या खाण्याच्या टेबलाशी बसलेला तो माणूस चालत नसे. १९६० साली नॅशव्हिलच्या काळ्या विद्यार्थ्यांनी या टेबलांशी जाऊन शांतपणे बसण्याचा सत्याग्रह केला. त्यांना मारहाण झाली, तुरुंगात टाकले गेले, पण ते उठले नाहीत. शेवटी त्याच वर्षी मे महिन्यात ती टेबले सर्वांना खुली झाली. बारा वर्षांचा पेरी हे सर्व बघायला घरच्यांची नजर चुकवून बाजारपेठेत जात असे. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेबांबरोबर चालत गेलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांची आठवण इथे झाल्याशिवाय राहत नाही. तिथे पाणी होते, इथे टेबल होते. भांडण एकच, माणूस म्हणून बरोबरीने बसण्याचे.

पेरी पर्ल हायस्कूल या काळ्या मुलांच्या शाळेत गेला. शाळा वेगळी ठेवलेली असली तरी तिथले शिक्षक कडक आणि मनापासून शिकवणारे होते. पेरी ट्रम्पेट वाजवी, गणितात रमे आणि बास्केटबॉल खेळे. उंची पुढे साडेसहा फुटांच्या जवळ गेली. उडी अशी की वरून हात घालून चेंडू थेट रिंगमध्ये कोंबावा. या फटक्याला डंक म्हणतात. १९६६ साली टेनेसीत काळ्या आणि गोऱ्या शाळांची राज्यस्पर्धा प्रथमच एकत्र झाली. पर्ल हायस्कूलने ती जिंकली. त्या मोसमात ३१ सामने, ३१ विजय. आणि त्याच वर्षी पेरी आपल्या वर्गात पहिला आला.

हे वाक्य ताईंनी पुन्हा वाचावे. राज्यविजेत्या संघाचा खेळाडू आणि वर्गात पहिला, एकच मुलगा, एकच वर्ष. गवंड्याचा मुलगा.

कॉलेजांची रांग लागली. पेरीने निवड करताना दोन गोष्टी पाहिल्या. एक, इंजिनीअरिंग चांगले शिकवतात का. दोन, माझ्या आईवडिलांशी हे लोक कसे बोलतात. नॅशव्हिलमधल्याच व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे प्रशिक्षक रॉय स्किनर घरी आले तेव्हा त्यांनी त्याच्या आईवडिलांना मिस्टर आणि मिसेस वॉलेस असे संबोधले. दक्षिणेत गोरा माणूस काळ्या माणसाला, मग तो म्हातारा का असेना, नुसत्या नावाने हाक मारी. आपल्याकडे पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्याला पाटलाच्या पोराने "अरे" म्हणावे, तसेच. मानाने बोलणारा माणूस पेरीच्या लक्षात राहिला. तो व्हँडरबिल्टला गेला. दक्षिणेतल्या बड्या विद्यापीठांची साउथईस्टर्न कॉन्फरन्स नावाची जी क्रीडा-संघटना आहे, तिच्या मुख्य बास्केटबॉल संघांतून खेळलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू.

पहिला होणे किती महाग पडते ते आता पाहा.

विद्यापीठाजवळच्या एका गोऱ्यांच्या चर्चमध्ये पेरी प्रार्थनेला जाऊ लागला. काही आठवड्यांनी वडीलधाऱ्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितले, तू येऊ नकोस, तू आलास तर आमचे म्हातारे सभासद मृत्युपत्रातून चर्चला द्यायची रक्कम काढून टाकतील. देवाच्या दारातला हा हिशेब आपल्याला नवा नाही.

पहिल्या वर्षी त्याच्याबरोबर गॉडफ्री डिलार्ड हा आणखी एक कृष्णवर्णीय खेळाडू होता. मिसिसिपी राज्यातल्या एका सामन्यात प्रेक्षकांनी दोघांना इतक्या शिव्या दिल्या, धमक्या दिल्या, की मध्यंतरात ही दोन धिप्पाड मुले खोलीत एकमेकांचे हात घट्ट धरून बसली होती. हात भीतीने गार पडलेले. बाहेर जाऊन पुन्हा खेळायचे होते. ती गेली आणि खेळली.

पुढे डिलार्डच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि तो व्हँडरबिल्ट सोडून गेला. पेरी एकटा उरला. १९६८ मध्ये मिसिसिपीतच दुसऱ्या एका विद्यापीठाशी खेळताना त्याच्या डोळ्यावर जोराचा फटका बसला. पंचांनी काही धरले नाही, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. डोळ्यावर उपचार घेऊन तो बाहेर येईपर्यंत सोबतचे खेळाडू मैदानात गेलेले होते. त्या हजारो लोकांच्या आरोळ्यांतून तो एकटा चालत आला, उरलेला खेळ खेळला आणि त्याचा संघ जिंकला. विरोधी माणसांची त्याला सवय होती. आपल्याच संघातले कोणी दारात थांबले नाही, हे त्याला जास्त लागले.

त्यात १९६७ साली कॉलेजच्या सामन्यांतून डंक मारण्यावरच बंदी आली. पेरीचे मोठे शस्त्र काढून घेतले गेले. त्याने काय केले? तो दुसरे फटके शिकला. शेवटच्या वर्षी संघाचा कर्णधार झाला. आणि व्हँडरबिल्टसाठी शेवटचा सामना खेळताना त्याने अखेर बंदी असलेला डंक मारलाच, आणि त्याचे गुणही धरले गेले. १९७० साली त्याने इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगची पदवी घेतली. शिव्या खात प्रवास करायचा, रात्री परतायचे, आणि सकाळी गणिताच्या तासाला बसायचे, असे करत घेतलेली ती पदवी होती.

पण मला त्याची सर्वांत मोठी वाटणारी कामगिरी मैदानावरची नाही. शेवटचा सामना झाल्यावर नॅशव्हिलच्या वर्तमानपत्राला त्याने मुलाखत दिली. सर्वांना वाटले, हा आता आभार मानेल. त्याने खरे सांगितले. चार वर्षे मी इथे फार एकटा होतो. कित्येकांनी मला त्रास दिला नाही, पण मी जणू इथे नाहीच अशा रीतीने ते वागले. या अर्थाचे ते बोलणे होते. शहर रागावले. एवढे डोक्यावर घेतले आणि हा कृतघ्न, अशी भाषा सुरू झाली. आपल्यातला कोणी नोकरीत, कॉलेजात तोंड उघडतो तेव्हा "तुम्हाला एवढे दिले तरी तक्रार" असे ऐकवणारे भेटतात. शब्द निराळे, सूर तोच. पेरी वॉलेस शहर सोडून निघून गेला.

कुठे गेला? व्यावसायिक संघाने त्याची निवड यादीत केली होती, पण अमेरिकेच्या मुख्य व्यावसायिक स्पर्धेत, म्हणजे एनबीएत, तो कधी खेळला नाही. इथे बहुतेक खेळाडूंची गोष्ट संपते. त्याची संपली नाही, कारण हातात पदवी होती. तो पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कायदा शिकला आणि १९७५ मध्ये वकील होऊन बाहेर पडला.

कोलंबिया! हे नाव आपल्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब ज्या विद्यापीठात दाखल झाले ते हेच. १९१५ ला तिथे त्यांनी एम.ए. केले आणि १९५२ ला त्याच विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. अमेरिकेतल्या काळ्यांचा प्रश्न आणि आपला प्रश्न यांतले नाते बाबासाहेबांनी ओळखले होते. १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांचे थोर विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिले होते, आणि हे डु बॉइस शिकले होते पेरीच्याच नॅशव्हिल गावातल्या फिस्क विद्यापीठात. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी दलित पँथर काढली तेव्हा नावही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. तेव्हा पेरी वॉलेसची गोष्ट मी ओढूनताणून आणलेली नाही.

पुढे तो अमेरिकन सरकारच्या न्याय खात्यात वकील झाला, मग कायद्याचा प्राध्यापक झाला आणि वॉशिंग्टनमध्ये अमेरिकन युनिव्हर्सिटीत त्याने कित्येक वर्षे शिकवले. २००४ साली व्हँडरबिल्टने त्याला बोलावून त्याचा २५ क्रमांकाचा पोशाख सन्मानाने निवृत्त केला, म्हणजे तो क्रमांक त्याच्या नावे राखून ठेवला. चौतीस वर्षांपूर्वी ज्यांना त्याचे खरे बोलणे टोचले होते, त्याच शहराने टाळ्या वाजवल्या. १ डिसेंबर २०१७ रोजी तो वारला.

आणि गुडघा दुखावलेला तो डिलार्ड? तोही शिकला, वकील झाला. मिशिगन विद्यापीठात मागास समूहांच्या विद्यार्थ्यांना प्रवेशात मिळणाऱ्या सवलतीवरून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला, त्याचा निकाल २००३ मध्ये लागला. त्या खटल्यात काळ्या आणि लॅटिनो विद्यार्थ्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत डिलार्ड होता. गुडघ्याने साथ सोडली, शिक्षणाने सोडली नाही.

आता त्या मुलीच्या वाक्याकडे परत येतो. "मैदानात आडनाव कोणी विचारत नाही."

बाळ, हे पूर्ण खरे असते तर मला फार आनंद झाला असता. पण मी तुला खोटा धीर देणार नाही. मैदानानेही आडनाव विचारलेले आहे. आपल्या महाराष्ट्रातलेच पाहा. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले गोलंदाज. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पुण्याच्या क्लबात मात्र खेळाच्या मध्ये चहा मिळे तो बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळाले, तेही १९२३ मध्ये, बऱ्याच झगड्यानंतर. चेंडू त्यांच्या हातचा चाले, पेला चालत नसे.

तरीही तुझे वाक्य निम्मे खरे आहे आणि ते निम्मे मोलाचे आहे. रिंग दहा फुटांवर असते, ती कोणाचे आडनाव बघून वर-खाली होत नाही. चेंडू गेला तर दोन गुण, नाही गेला तर शून्य. तेवढ्या पुरता तिथे न्याय आहे. तो न्याय अंगात भिनला की माणूस बाहेरही तसाच न्याय मागू लागतो. म्हणून खेळ सोडू नकोस. पण एखाद्या दिवशी मैदानातही कोणी आडनाव विचारले, चेंडू मुद्दाम तुझ्याकडे आला नाही, कोणी "ह्यांना सगळीकडे कोटा" म्हणाले, तर मोडून पडू नकोस आणि गप्पही बसू नकोस. घरी सांग, बाईंना सांग. पेरी वॉलेसने चार वर्षे एकट्याने पोटात ठेवले. तुला एकटीने ठेवण्याचे कारण नाही, तुझ्यामागे विहार आहे.

आणि ताई, आता तुमच्याशी.

भगवान बुद्धांच्या संघात सोण नावाचे भिक्खू होते. श्रीमंत घरातले, पाय कोवळे. साधना इतकी कडक की चंक्रमण करून करून तळव्यांतून रक्त येऊ लागले, आणि तरी काही साधेना. घरी परत जावे असा विचार त्यांच्या मनात आला. सोण गृहस्थाश्रमात वीणा छान वाजवत. भगवंतांनी त्यांना विचारले, तार फार ताणली तर वीणा वाजते का? नाही भन्ते. फार ढिली ठेवली तर? तरी नाही. मग योग्य ताण असला तरच ना? तसेच प्रयत्नाचेही आहे. सोणांनी तार नीट लावली आणि पुढे ते अर्हत झाले. तुमच्या घरात आज एक तार मुलीने ढिली सोडली आहे, ती गणिताची. आणि दुसरी तुम्ही तोडायला निघाला आहात, ती खेळाची. दोन्हींची गरज नाही.

काय करावे ते रोजच्या भाषेत सांगतो.

मैदानाची वेळ ठरवावी. आठवड्यात चार दिवस, दीड तास. घरी आल्यावर हातपाय धुऊन अर्धा तास विश्रांती, मग आधी गणित. दमलेल्या अंगाने पाठांतर होत नाही, पण गणित सोडवता येते, हात चालू राहिला की झोप येत नाही. पाठांतराचे विषय पहाटे. सामन्यासाठी बाहेरगावी जाताना पिशवीत एक वही असावीच. शिक्षकांना आधी सांगून बुडणारे धडे मागून घ्यावेत. मागायला लाजू नये. ज्याला स्पर्धेला जायचे त्याला मागणे शोभते.

खाणे. खेळणाऱ्या मुलीला भावापेक्षा कमी वाढू नका. महागड्या डब्यांतल्या पावडरी नकोत. अंडे, मोड आलेली मटकी, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे आणि गूळ, हे कामगाराच्या घरात परवडते. पाळीच्या दिवसांत तिला काय झेपते ते तिच्याशी मोकळेपणाने बोला, ती म्हणेल तर खेळू द्या, नको म्हणेल तर विसावा द्या.

मैदान स्वतः बघून या. एकदा काम लवकर आटोपून जा, कडेला उभ्या राहा. प्रशिक्षक मुलींशी कसे बोलतात, बाहेरगावी सोबत कोणी बाई असते का, हे विचारणे आईचा हक्क आहे. पेरीच्या आईवडिलांशी माणूस कसा बोलतो ते पेरीने पाहिले होते. तुमच्याशी कसे बोलतात ते तुमची मुलगीही बघेल.

कागद जपा. प्रत्येक स्पर्धेचे मूळ प्रमाणपत्र एका फाइलमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत, जातीच्या दाखल्याशेजारी. आपल्या राज्यात दहावी-बारावीला ठराविक पातळीवर खेळलेल्या विद्यार्थ्यांना क्रीडा सवलतीचे वाढीव गुण मिळतात, पण शाळेने प्रस्ताव वेळेत पाठवला तरच. तो गेला का, हे आताच मुख्याध्यापकांना जाऊन विचारा. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत नियमांत बसणाऱ्या खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. खोट्या प्रमाणपत्रांचा धंदा करणारे भेटतील, त्यांना दारात उभे करू नका. पंचशीलातले चौथे शील आपण दर पौर्णिमेला घेतो ते यासाठीच.

आणि शेवटचे, डोळे उघडे ठेवा. आपल्या देशात नुसत्या बास्केटबॉलवर घर चालवणारे थोडे. ज्यांचे चालते त्यांना बहुधा रेल्वे, पोलीस, बँक अशी नोकरी पाठीशी असते. भारतीय रेल्वेच्या महिला संघाने राष्ट्रीय स्पर्धा कितीदा तरी जिंकली आहे, त्यातल्या मुली रेल्वेच्या कर्मचारी आहेत. तेव्हा खेळाने दार उघडू शकते, पण आत गेल्यावर बसायला खुर्ची शिक्षणाचीच लागते. गुडघा एका क्षणात जातो. पदवी कोणी काढून घेऊ शकत नाही.

हे लिहून झाल्यावर गेल्या रविवारी मी ताईंच्या घरी गेलो आणि वाचून दाखवले. यजमानही होते. ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मुलीला म्हणाल्या, "गणितात परत सत्तर आण. तोवर चार दिवस खेळ. नाही आणलेस तर दोन दिवस करीन." यजमान म्हणाले, "बूट कितीला येतात?" मुलीने आकडा सांगितला तेव्हा ते जरा थबकले, आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू." मला वाटते, हा करार वाईट नाही. त्यात मुलीचीही सही आहे.

अडचण एकच उरली. एका खोलीच्या घरात रात्री नवापर्यंत टीव्ही, शेजार, धाकटा भाऊ. अभ्यासाला जागा नाही. आपल्या किती मुलांचे गुण खेळामुळे नाही, तर जागा नसल्यामुळे जातात, याचा हिशेब आपण कधी केला आहे का? आपल्या वस्तीवस्तीत विहार आहे. वंदना झाली की त्याला कुलूप लागते. विहार समित्यांना माझी हात जोडून विनंती आहे, रोज संध्याकाळी सात ते दहा विहार उघडा ठेवा. दोन ट्यूबलाइट, चार सतरंज्या, एक जबाबदार माणूस. मैदानावरून घामाघूम होऊन येणाऱ्या मुलामुलींना भगवंतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर बसून गणित सोडवता आले, तर त्याहून मोठी वंदना कोणती?

आमच्या विहाराची किल्ली या आठवड्यापासून मी मागून घेतली आहे. ज्यांना यायचे त्यांनी यावे.

जय भीम.